घराकडे वळवलेले टायर

दि. ७ सप्टेंबर २००१
पोलीस चौकी, मार्केट यार्ड, पुणे शहर

मी, सौ. सुशीलाबाई रंगराव बराटे, वय ४८ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक पास, राहणार गावठाणामागे, वारजे, पुणे. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन चौकीत आले आहे आणि समोर बसून सांगते ते असे, की

वरील पत्त्यावर मी, माझे यजमान रंगराव, थोरले दीर आप्पासाहेब व थोरल्या जाऊबाई मथुराबाई एकत्र राहतो. मला मूलबाळ नाही. जाऊबाईंचा मुलगा श्रीनिवास कॉम्प्युटरचा इंजिनिअर असून तीन वर्षे जपानात नोकरीस होता. लहानपणी त्याला शाळेत मीच सोडत असे. घरातील देवाचे, स्वयंपाकाचे आणि हिशेबाचे काम माझ्याकडे आहे.

चालू वर्षी मे महिन्यात श्रीनिवास परत आला. त्याच्यामागून मुंबई बंदरावरून आमच्या घरी आले ते असे: जपानी मोटार, रंग मोतिया, एक. तिला लावलेली चाके, टायरसह, चार. डिकीतले पाचवे चाक, सायकलच्या चाकाहून थोडेसेच जाड, एक. जॅक एक. जपानी लिपीतले पुस्तक एक, जे घरात कोणालाही वाचता येत नाही. गाडी तिकडे केवढ्याला पडली ते मला सांगितलेले नाही. बंदरावरचा कर चार लाखांच्या घरात गेला, असे दीर जेवताना म्हणाले. मुंबईहून ट्रकवर घालून आणायचे भाडे साडेसहा हजार. नारळ, लिंबे, हार व पेढे मिळून चारशे बारा रुपये. हे मी स्वतः आणले म्हणून नक्की माहीत आहे.

गाडी बघायला सारे गावठाण लोटले होते. लोक काचा, दिवे आणि आतली थंड हवा बघत होते. मी पूजेसाठी खाली बसले होते म्हणून माझी नजर टायरांवर गेली. एवढे रुंद टायर मी मोटारीला कधी पाहिले नव्हते. आमच्या देवघरातल्या पाटाची रुंदी तेवढीच आहे. टायर कोरे होते. त्यांच्या अंगावर रबराचे बारीक केस होते, मिसरूड फुटणाऱ्या मुलाच्या ओठावर असतात तसे. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना तिरक्या खाचा गेल्या होत्या, आंब्याच्या पानाच्या शिरा जातात तशा. प्रत्येक जोडीचे टोक मध्ये मिळून बाणासारखे दिसत होते. मी लग्न होऊन आल्यापासून रोज दारात रांगोळी काढते. माझ्या हातून दोन बाजू इतक्या सारख्या कधी उतरलेल्या नाहीत. ज्याने हे काढले त्याचा हात कसा असेल, असे मनात आले. मी चाकाला कुंकू लावून हात जोडले. श्रीनिवास हसला व म्हणाला, "काकू, मशीनने करतात." मी म्हणाले, "मशीनला तरी कोणीतरी काढून दाखवलं असेल ना."

चार चाकांखाली चार लिंबे ठेवली होती. गाडी त्यांच्यावरून पुढे गेली. लिंबे फुटल्याचा आवाज आला नाही. उचलून पाहिले तर नुसती साले राहिली होती.

जुलै महिन्यात कंपनीने श्रीनिवासला पुन्हा जपानला पाठवले. जाताना गाडी चालवण्यास त्याने साईनाथ यास नोकरीस ठेवले. साईनाथ, वय अंदाजे २६, मूळ राहणार यवतमाळ जिल्हा, हल्ली वारज्यातच खोली घेऊन राहतो. त्याची बायको बाळंत आहे. ही गोष्ट आमच्या घरी सर्वांना माहीत होती, कारण तिला डिंकाचे लाडू मी केले होते.

आमच्या बंगल्याच्या पोर्चची जमीन मी गेरूने सारवते व पुढे रांगोळी काढते. गाडी पोर्चमध्ये तोंड आत करून उभी राहते व मागे मागे बाहेर निघते. येता-जाता ती रांगोळीवरून जाई आणि टायरांचे पांढरे ठसे गेरूवर उमटत. मला त्याचा राग आला नाही. रोज माझी रांगोळी मोडून गाडी तिची काढून जात होती आणि तिची सुबक होती. श्रावणात मी तीच नक्षी बघून तुळशीपुढे वेल काढू लागले. बायका विचारत, हा वेल कोणाकडून शिकलीस. मी सांगत असे, पाव्हणी आलीय तिच्याकडून.

गौरी यायच्या आदल्या दिवशी मी व जाऊबाई दारापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावले काढत होतो. ही पावले बोटे घराकडे करून काढतात, हे आपणांस माहीत असेलच. त्यावेळी साईनाथने गाडी पोर्चमध्ये आणली. जाऊबाई ठशांकडे बघत उभ्या राहिल्या. नंतर आमच्यात पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

"सुशे, हिकडं ये. ही बघ. कुठं चालल्यात?"

मी पाहिले. प्रत्येक बाणाचे टोक बाहेर होते. "फाटकाकडं," मी म्हणाले.

"गाडी आत आली तरीबी?"

"गाडी आत येताना आणि मागे जाताना, दोन्ही वेळी तशीच उमटतात, आक्का."

"रोज?"

"रोज."

"आन् हे मला तू आज सांगतीस."

मी म्हणाले, की ही टायरची नक्षी आहे. त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "नक्षी हाय. पर दारात उमटली की तिचं पाऊल हुतं. जमीन गेली. आता पोरगं गेलं. लक्ष्मी रोज माझ्या डोळ्यांदेखत भाईर चालली हाय, आन् आपण गाडी पुसतोय."

एवढे बोलून त्या खाली बसल्या. गावठाणाशेजारचे आमचे शेत बिल्डरला दिले त्या दिवशीही त्या अशाच बसल्या होत्या.

त्यांनी साईनाथला चाके उलटी लावण्यास सांगितले. साईनाथने नकार दिला. तो म्हणाला, "मोठ्या काकू, कोणत्या बाजूनं चाक फिरलं पाहिजे ते टायरच्या अंगावर लिहून आहे. बाणपण दिला आहे. मी बदलवणार नाही. पाहिजे तर गाडी रिव्हर्स आत घेत जातो. मग ठसे आपोआप घराकडे होऊन जातील."

हे खरे होते. मी मनात गाडी फिरवून पाहिली, तसेच होत होते. परंतु जाऊबाई म्हणाल्या, "म्हंजी लक्ष्मी पाठमोरी घरात घ्यायची? नवी सून उलट्या पावलानं घरात घेत्यात व्हय तुमच्या यवतमाळात?"

"आमच्या यवतमाळात सून पायी येते काकू. तिला गिअर नसते."

यावर जाऊबाई हसल्या. श्रीनिवास गेल्यापासून त्या प्रथमच हसल्या. मला वाटले मिटले. तेवढ्यात दीर बाहेर आले. त्यांना प्रकार समजल्यावर ते साईनाथला म्हणाले, "चाकं हिकडची तिकडं केल्यानं काय बिघडतंय? बैलगाडीची करतच व्हतो आपण." साईनाथ म्हणाला, "आप्पा, पाण्यात गाडी रस्ता सोडंल." दीर म्हणाले, "पुण्याच्या रस्त्यावर कोण नाव घालतंय? तुझ्यानं व्हत नसंल तर चावी हितं ठेव आन् वाटंला लाग."

साईनाथने चावीने डिकी उघडली. मग त्याने जॅक काढला.

त्याने उजवीकडची दोन्ही चाके डावीकडे व डावीकडची दोन्ही उजवीकडे बसवली. बोल्ट ठेवण्यास मी पितळी ताट आणून दिले. दीर काम होईपर्यंत खुर्ची टाकून बसले होते. यजमान वरच्या गच्चीवर होते. त्यांनी पाहिले किंवा नाही, ते मी सांगू शकत नाही.

मी गेरू पुन्हा सारवला होता व तो ओला होता. गाडी फाटकाबाहेर नेऊन साईनाथने ती रांगोळीवरून सावकाश आत आणली. मागे उमटलेले ठसे मी पाहिले. सगळी टोके घराकडे होती. हा टायर आहे, त्यात हवा आहे, तो जपानातला आहे, हे सर्व मला माहीत होते. तरी फाटकापासून पोर्चपर्यंत कोणी न दिसता चालत आले, आणि आता माझ्या शेजारी उभे आहे, असे वाटले. मी जाऊबाईंकडे पाहिले नाही. त्यांनीही माझ्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी गौरी बसल्या. संध्याकाळी जपानहून श्रीनिवासचा फोन आला, की पुण्यातल्या ऑफिसात त्याची बदली झाली असून तो दसऱ्याला कायमचा घरी येत आहे. जाऊबाईंनी फोन ठेवला. मग पोर्चमध्ये जाऊन त्यांनी ठशांवर हळद-कुंकू वाहिले. मीही वाहिले. जे दिसले त्याला हात जोडले, यात मला आजही काही गैर वाटत नाही. त्या दिवसापासून पोर्च पुन्हा सारवलेला नाही व गाडी फाटकाबाहेरच लावत आलो.

दि. ४ सप्टेंबर रोजी दीर साईनाथला घेऊन मार्केट यार्डात ओळखीच्या आडत्याकडे निघाले. मी गाडीत नव्हते. पुढे घडले ते मला नागोराव या हमालांकडून समजले. मार्केट यार्डाच्या दाराशी पाणी साचले होते. त्या पाण्यात गाडी गेली ती नागोराव यांच्या हातगाडीला लागली व त्यांचा उजवा पाय मोडला. मी दि. ५ व ६ रोजी सरकारी दवाखान्यात त्यांना डबा घेऊन गेले होते. मी कोण ते त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले. भाजी कोणी केली, एवढे त्यांनी विचारले. दुसऱ्या दिवशी बोलले. ते म्हणाले, "बाई, जोरात न्हवती. जोरात आली असती तर मी बाजूला झालो असतो. हळूच आली. हॉर्न दिला, ब्रेक दाबला, ड्रायव्हरचं तोंड मला दिसत व्हतं. पण गाडी रस्त्यावर न्हवतीच. पाण्यावर व्हती. नदीत द्रोणातला दिवा सोडतो का नाय, तशी आली माझ्याकडं. मी बघतच राहिलो."

पाय मोडलेला माणूस हे सांगत होता व त्याच्या बोलण्यात राग नव्हता. एवढे मोठे लोखंड पाण्यावर तरंगले, याचेच त्यांना अजून आश्चर्य होते. मलाही झाले. मी डबा घासून परत आणला.

साईनाथचे लायसन आपण ठेवून घेतले आहे व त्याच्यावर हयगयीने गाडी चालवल्याचा गुन्हा लागणार आहे, असे समजते. तसेच टायरांवर आपल्याकडचा कोणताही शिक्का नसल्याने, ते आपल्या रस्त्यावर चालवण्यास परवानगी आहे काय, असाही प्रश्न निघाला आहे. नसल्यास तसे टायर घेऊन गाडी बाहेर काढल्याचा दोषही साईनाथवरच येईल, असे मला बाहेरच्या शिपायाने सांगितले. माझ्या दिरांनी यापूर्वी दिलेल्या जबाबात, टायर जपानहून आले तसेच आहेत, त्यांना कोणी हात लावलेला नाही आणि ड्रायव्हरने गाडी जोरात मारली, असे सांगितले आहे. हे त्यांनी घरी जेवताना सांगितले. मी वाढत होते.

त्याबद्दल मी सांगते की, टायर आले तसेच आहेत, हे खरे. त्यांना कोणी हात लावला नाही, हे खरे नाही. साईनाथने दोनदा नकार दिला होता. नोकरी जाईल असे सांगितल्यावर त्याने चाके बदलली.

आज मी आले तेव्हा चौकीच्या आवारात मोटार तपासणीस साहेब गाडी बघत होते. मी त्यांना लक्ष्मीच्या पावलांची हकीकत सांगितल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून टायरच्या कडेवरची इंग्रजी अक्षरे व बाण दाखवला. मला अक्षरे वाचता आली. बाण गाडीच्या मागच्या बाजूला फिरत होता. साहेबांनी पिण्याच्या पाण्याचा तांब्या मागवला व टायरवर धार धरली. ते म्हणाले, चाक बरोबर लावलेले असले की खाचांमधून पाणी मधून दोन्ही बाजूंना बाहेर फेकले जाते व रबर रस्त्याला धरून राहते. उलटे लावले की तेच पाणी मध्ये ओढले जाते, गाडी पाण्यावर उचलली जाते. कोरड्या रस्त्यावर फरक कळतसुद्धा नाही.

मी ती धार बघत होते. महादेवाच्या पिंडीवरचे पाणी पन्हळीतून गाभाऱ्याबाहेर जाते. ती पन्हळ आत वळवली तर गाभारा भरेल. हे मी लहानपणापासून बघत आले आणि पन्हळ ओलांडू नये म्हणून अर्धी प्रदक्षिणा घालत आले. ज्या बाणांना आम्ही घराबाहेर जाणारी पावले म्हणालो, ते पाणी बाहेर काढत होते. हे ज्याला प्रथम सुचले तो कोणत्या देवाला मानतो मला माहीत नाही. मी त्याला मनात नमस्कार केला. साहेबांनी विचारले, "बाई, कळलं का?" मी म्हणाले, "कळलं. आधी दाखवायला पाहिजे होतं." ते म्हणाले, "कोणाला? लक्ष्मीला?"

शिक्क्याबद्दल साहेबांना विचारले असता, परदेशातून गाडीबरोबर आलेल्या टायरांचा नियम बघावा लागेल, मुंबईला कागद पाठवला आहे, आज हो किंवा नाही सांगता येत नाही, असे ते म्हणाले. बंदरावर गाडी सोडवताना टायर तिला लावलेलेच होते, एवढे मी सांगू शकते. जबाब लिहिणारे हवालदार यांनी मला विचारले, "रांगोळीचंपण लिहू? टायरला कायदा आहे, ड्रायव्हरला कलम आहे, पावलांना आमच्याकडे रकाना नाही." मी म्हणाले, लिहा. तेवढाच पुरावा आहे.

पुरावा असा: त्या दिवशी ओल्या गेरूत उमटलेले ठसे आमच्या पोर्चमध्ये वाळून राहिले आहेत. वर छप्पर असल्याने पावसाने गेलेले नाहीत. ते टायरशी ताडून पाहावेत, म्हणजे गौरीच्या आधीच चाके उलटी झाली होती व ती आमच्या दारात झाली, याची खात्री होईल. काल संध्याकाळी दिरांनी पोर्च धुऊन घ्यायला सांगितले. मी बादली भरली. त्यावर जाऊबाई ठशांच्या शेजारी पाट टाकून बसल्या व म्हणाल्या, "गौरीची पावलं हायत. पुढल्या सालापतुर ऱ्हातील." दीर आत गेले. जाऊबाई आज सकाळीही तेथेच बसून भाजी निवडत होत्या. त्या किती दिवस बसू शकतील ते मी सांगू शकत नाही. पंचनामा लवकर व्हावा.

मी चौकीत जात आहे, हे निघताना मी त्यांना सांगितले. त्यांनी विळी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "माझं नाव सांग. त्यांचं नको."

मी वर दोन्ही नावे सांगितली आहेत.

यजमानांनाही सांगून आले आहे. त्यांनी बससाठी सुटे पैसे काढून दिले, जाण्याचे व येण्याचे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. चाके सरळ करून मिळाली तर गाडी पुन्हा आमच्याच दारात यावी. साईनाथ म्हणाला होता तशी ती मागे मागे आत घेता येईल. लक्ष्मी पाठमोरी आली तर काय होते, ते जाऊबाईंना समजावण्याचे मी बघेन. नाही समजावता आले, तर मी त्या जागी रांगोळी काढणार नाही, म्हणजे ठसेच उमटणार नाहीत.

हा मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला व नंतर मी स्वतः वाचला. नागोराव यांच्या बोलण्यात 'गाडी घसरली' असे लिहिले गेले होते. ते घसरली म्हणाले नव्हते, म्हणून ती ओळ खोडून त्यांचे शब्द घालायला लावले. बाकी सर्व मी बोलले तसे उतरले आहे. कोणी शिकवून पाठवलेले नाही.

(सही) सुशीला रंगराव बराटे

सहीखाली माझ्या हाताने लिहिते की, आमच्या घरी फोन आहे, पण तो दीर उचलतात. म्हणून सोबत पोस्टकार्ड देत आहे. पत्ता लिहिलेला आहे. टपाल दुपारी येते, त्यावेळी दारात मी असते. हे टायर आपल्या रस्त्याला चालतात की नाही, आणि साईनाथचे लायसन त्याला परत मिळणार की नाही, दोन्ही गोष्टी एका कार्डात मावतील. कृपा करून उलट टपाली कळवावे.